अँटिबायोटिकची गोळी कशी घ्यायची: औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. पावसाळा लागला की संध्याकाळी काउंटरवर गर्दी होते, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी असते आणि पुढचा माणूस मागून ढकलत असतो. त्या घाईत मी एक वाक्य बोलतो आणि समोरच्याला अर्धंच ऐकू येतं. घरी गेल्यावर फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून इथे सावकाश लिहितो आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यापुरतं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलेलं आहे, मी नाही.

चिठ्ठीवर "१-०-१" लिहिलंय. म्हणजे नेमकी कधी घ्यायची?

सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अँटिबायोटिकच्या बाबतीत याचा खरा अर्थ "दर बारा तासांनी" असा आहे. सकाळी आठला घेतली तर रात्री आठच्या सुमारास. आमच्याकडे बरेच जण सकाळची गोळी कामं आवरून अकराला घेतात आणि रात्रीची सात वाजता जेवणासोबत. मग मध्ये आठ तास जातात आणि पुढे सोळा. त्या लांबलेल्या वेळात रक्तातलं औषध कमी होतं आणि जंतूंना श्वास घ्यायला जागा मिळते.

"१-१-१" म्हणजे साधारण दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे झाला तर बिघडत नाही. झोपमोड करून उठायची गरज आहे का, ते डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा नसते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर रोज एकच वेळ ठरवा आणि मोबाइलला गजर लावून टाका.

जेवणाआधी की जेवणानंतर?

औषधागणिक उत्तर बदलतं. अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम कसंही चालतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ही जोडगोळी जेवायला बसतानाच, पहिल्या घासांबरोबर घेतलेली बरी. पोटाला त्रास कमी होतो आणि औषधही नीट शोषलं जातं. सेफपोडॉक्सिम आणि नायट्रोफ्युरँटॉइन खाऊन घ्यायचं. अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दोन्ही प्रकारे चालतात, पण मळमळत असेल तर खाऊन घ्या. टीबीच्या औषधांचे नियम वेगळे आहेत, ते टीबीच्या उपचार केंद्रावर सांगितल्याप्रमाणेच पाळायचे.

गोळी गरम पडते, म्हणून दुधासोबत घेऊ का?

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी येतो आणि यामागची काळजी मला पूर्ण समजते. अँटिबायोटिक घेतल्यावर तोंड येतं, पोटात आग पडते, मग घरातली मोठी माणसं दूध, तूप, गुलकंद पुढे करतात. अमॉक्सिसिलिनवर दूध प्यायलात तर काही हरकत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक यांच्याशी त्या पोटातच बांधल्या जातात. बांधलेलं औषध रक्तात उतरत नाही, शौचावाटे निघून जातं. गोळी पोटात गेलेली असते, पण उपयोग होत नाही.

म्हणून या गोळ्या साध्या पाण्यासोबत घ्या. दूध, दही, ताक, पनीर त्या वेळेला नको. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल, किंवा ॲसिडिटीसाठी ते पातळ गुलाबी किंवा हिरवं औषध घेत असाल, तर अँटिबायोटिक त्याच्या किमान दोन तास आधी घ्या. ती वेळ हुकली तर मग चार ते सहा तास जाऊ द्या. पँटोप्राझोलसारखी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी या बांधण्याच्या भानगडीत येत नाही, तिची भीती नको.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. वैद्यांकडून आणलेलं मंडूर भस्म किंवा लोह भस्म म्हणजे लोहच, आणि शंख भस्मात कॅल्शियम असतं. तीच काळजी तिथेही घ्यायची. "ते आयुर्वेदिक आहे" म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, ते राहू देऊ नका.

तोंड येण्याचं म्हणाल तर त्याचं कारण उष्णता असेलच असं नाही. अँटिबायोटिकने तोंडातले नेहमीचे जीवाणू कमी झाले की बुरशी वाढते आणि जिभेवर पांढरा थर दिसतो. त्यावर वेगळं औषध असतं, ते मिळतं आणि लागूही पडतं.

मग दही खाऊ नये का? आणि बी-कॉम्प्लेक्स?

दही जरूर खा, वर सांगितलेल्या गोळ्यांच्या वेळेपासून दूर. सकाळी आठला सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं तर दुपारच्या जेवणात ताक-भात खुशाल. प्रोबायोटिकच्या (पोटातल्या चांगल्या जीवाणूंच्या) कॅप्सूल दिल्या असतील तर अँटिबायोटिकपासून दोनेक तास सोडून घ्या. बी-कॉम्प्लेक्स प्रत्येक कोर्ससोबत हवंच असं नाही. लिहून दिलं असेल तर घ्या, पण त्यात झिंक किंवा लोह आहे का ते पाकिटावर वाचा.

एक डोस विसरलो. आता दोन एकदम घेऊ?

दोन एकदम कधीच नाही. आठवण झाल्या झाल्या विसरलेली घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. सोपा अंदाज असा: बारा तासांच्या गोळीला सहा तासांच्या आत आठवलं तर घ्यायची, नंतर आठवलं तर सोडायची. दोन-तीन डोस सलग चुकले असतील तर स्वतः हिशेब करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

गोळी घेतली आणि उलटी झाली.

अर्ध्या तासाच्या आत झाली, किंवा उलटीत गोळी दिसली, तर ती परत घ्यायची का हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. त्यानंतर झाली असेल तर बहुधा औषध पुढे गेलेलं असतं. दर वेळी उलटी होत असेल तर औषध बदलावं लागतं किंवा इंजेक्शनवर यावं लागतं. दोन दिवस उलट्या सोसत कोर्स "पूर्ण" करून उपयोग नाही, कारण औषध अंगी लागतच नाही.

दोन दिवस झाले, ताप उतरला नाही. हाय पॉवरची द्या ना.

पहिल्यांदा "पॉवर"बद्दल. अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची असते, सेफिक्झिम २००ची, म्हणून पहिली जास्त जोराची असा समज आहे. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी लावून पाहता येत नाहीत, जसं मीठ आणि साखर चमच्याने मोजून कोण जास्त "जोराचं" हे ठरत नाही. त्या जंतूवर, शरीराच्या त्या जागी कुठलं औषध चालतं एवढंच महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत: ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, म्हणजे शक्य तिथे आधी वापरायचं. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम "वॉच"मध्ये आहेत, जपून वापरायची. आपल्याकडे लोक साध्या सर्दीला अझिथ्रोमायसिन मागतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिकचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही. कफ हिरवा-पिवळा आहे एवढ्यावरूनही जीवाणूंचा संसर्ग ठरत नाही.

आता तापाबद्दल. पुष्कळ जीवाणूजन्य आजारांत दोन-तीन दिवसांत फरक जाणवायला लागतो. टायफॉइडमध्ये मात्र औषध अगदी बरोबर असलं तरी ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलून, गोळी बदलून घेतली की पहिल्या औषधाने काम केलं होतं की नाही हे कुणालाच कळत नाही. ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जा. आणि दम लागतोय, गुंगी येतेय, लघवी कमी झालीय, मान ताठ झालीय, तर तितकंही थांबायचं नाही.

जुन्या खोकल्याला स्वतःहून लिव्होफ्लॉक्सॅसिन घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं. खोकला काही दिवस दबतो, निदान लांबतं आणि तोवर घरातल्या इतरांना लागण होते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

बरं वाटतंय. आता बंद केली तर?

डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. पण इथे मला थोडं खोलात जायचं आहे, कारण "कोर्स पूर्ण करा" हे वाक्य आम्ही पाठ केल्यासारखं म्हणतो.

किती दिवस घ्यायची हे आजारावर ठरतं. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग असेल तर अमॉक्सिसिलिन बहुधा दहा दिवस देतात. घसा तिसऱ्या दिवशी दुखायचा थांबतो, तरी पुढचे दिवस हवेत, कारण अर्धवट राहिलेल्या संसर्गातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. टीबीचा उपचार महिनोन् महिने चालतो, तो मध्येच सोडला तर औषधं लागू न पडणारा टीबी मागे लागतो. उलट साध्या न्यूमोनियासारख्या काही आजारांत पाच दिवसांचा कोर्स लांब कोर्सइतकाच उपयोगी पडतो असं दिसून आलं आहे. अझिथ्रोमायसिन तीनच दिवस देतात म्हणून अर्धवट समजू नका. त्याचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला जवळपास ६८ तास लागतात, शेवटच्या गोळीनंतरही ते काम करत असतं.

म्हणून लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा, "आता थांबवू का?" डॉक्टर "हो" म्हणाले तर निर्धास्त थांबवा. रिपोर्ट पाहून "हा डेंग्यू आहे, अँटिबायोटिक नको" असं सांगितलं तर तेही ऐका, उरलेल्या गोळ्या संपवायच्या म्हणून घेऊ नका.

मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं. चिठ्ठीशिवाय का देत नाही?

मागच्या वेळचा ताप आणि आताचा ताप एकच आहे हे मला काउंटरवरून कळत नाही. शिवाय कायदा आहे. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसते ना, ती म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही याची खूण. सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशी काही औषधं "शेड्यूल एच-१" या कायद्यातल्या खास यादीत येतात. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे आम्हाला वेगळ्या नोंदवहीत लिहून तीन वर्षं जपावं लागतं. मी नाव विचारतो तेव्हा ती चौकशी नसते, नोंद असते.

शेजाऱ्यांच्या घरातली उरलेली स्ट्रिप आणणं हे त्याहून वाईट. त्यांचं वजन वेगळं, आजार वेगळा, ॲलर्जी वेगळी, आणि चार गोळ्यांत तुमचाही कोर्स होत नाही.

बाळाचं सिरप कसं तयार करायचं?

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून सविस्तर सांगतो. बाटलीत कोरडी पावडर असते. आधी बाटली हलवून, तळाशी चिकटलेली पावडर सुटी करा. खोक्यात पाण्याची छोटी कुपी असेल तर तेच पाणी, सगळं घाला. नसेल तर पाणी उकळून पूर्ण गार करा. गरम पाणी घालू नका, औषध खराब होतं. निम्मं पाणी घालून जोरात हलवा, मग लेबलवरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. फेस खाली बसला की पातळी पुन्हा पाहा. फेसासकट खूण गाठली असेल तर पाणी कमी पडलेलं असतं आणि औषध ठरल्यापेक्षा दाट होतं.

पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं सिरप फ्रीजमध्ये ठेवायचं (बर्फाच्या कप्प्यात नाही) आणि सात दिवसांनंतर वापरायचं नाही. बाकीच्यांचं लेबलवर वाचा. प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली हलवा, नाहीतर पहिले डोस पाण्यासारखे आणि शेवटचे दाट जातात.

मोजायला घरचा चमचा नको. घरातल्या चार चमच्यांत चार मापं असतात. सोबत आलेलं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. चिठ्ठीवर अडीच मिली असेल आणि टोपणावर तशी खूण नसेल तर आमच्याकडून सिरिंज मागून घ्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडच्या सिरपच्या दोन ताकदी मिळतात, पाच मिलीमध्ये २२८.५ मिलिग्रॅम आणि ४५७ मिलिग्रॅम. खोकी सारखीच दिसतात, औषध मात्र दुप्पट. चिठ्ठीवरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा दुकानातच जुळवून पाहा, मला वेळ लागला तरी चालेल.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. गेल्या वर्षीचा डोस या वर्षी लागू नाही. सिरप पूर्ण बाटलीभर दुधात मिसळू नका. बाळाने निम्मं दूध टाकलं तर किती औषध गेलं कळणार नाही. नाक दाबून पाजू नका, ठसका लागतो. गालाच्या आतल्या बाजूला सिरिंजने थोडं थोडं सोडा.

अंगावर पुरळ उठलं. ॲलर्जी आहे का?

असू शकते. गांधी उठल्या, खाज सुटली तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वासाला घरघर लागली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ला फोन करा. तिथे वाट पाहायची नाही. ताप, तोंडात-डोळ्यांत जखमा आणि अंगावर फोड येऊन कातडी सुटायला लागली तर तेही तातडीचं आहे.

बरं झाल्यावर औषधाचं नाव, काय झालं आणि किती दिवसांनी झालं हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. "मला एका लाल कॅप्सूलची ॲलर्जी आहे" यावरून पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

जुलाब सुरू झाले.

दोन-चार वेळा सैल होणं बऱ्याच जणांना होतं. ओआरएस घेत राहा. रक्त पडलं, पोटात मुरडा आणि ताप आला, पाण्यासारखे जुलाब थांबेनात, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका. कोर्स संपून काही आठवडे झाले असतील तरी असे जुलाब अँटिबायोटिकमुळे असू शकतात, तेव्हा ती माहिती सांगा.

लघवीचा रंग बदलला, तोंडाला लोखंडाची चव येते.

मेट्रोनिडाझोलने तोंड कडवट, धातूसारखं होतं. नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी तपकिरी-पिवळी होते, रिफॅम्पिसिनने केशरी, अगदी घाम आणि अश्रूसुद्धा. घाबरायचं कारण नाही. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवा.

दारू?

मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना नाही. शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस नाही. बाकी गोळ्यांवरही तापातल्या शरीराला ती नकोच.

शुगर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. काय सांभाळायचं?

सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, नावं आठवत बसू नका. वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांचं रक्त काही अँटिबायोटिकमुळे जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) लवकर करावी लागते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिनने मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, घाबरं झालं तर आधी साखर खा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिननेच टाचेच्या मागे दुखायला लागलं तर चालणं कमी करा आणि गोळी थांबवून विचारा, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर विशेष. किडनीचा आजार असेल तर बऱ्याच अँटिबायोटिकचा डोस कमी करावा लागतो.

गरोदर असाल, पाळी चुकली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा. लाजू नका. सुरक्षित पर्याय असतात. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांना रिफॅम्पिसिनने तिचा भरवसा राहत नाही. बाकी नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही, पण उलट्या-जुलाब झाले तर दुसरी काळजी घ्या.

एकादशी आहे, किंवा रोजे आहेत.

फराळ चालणार असेल तर केळं, राजगिऱ्याचा लाडू, साबुदाण्याची खिचडी हे गोळीपुरतं खाणं पुरे आहे. निर्जळी नको. रोज्यांच्या महिन्यात डॉक्टरांना आधीच सांगा. दिवसातून एकदा किंवा दोनदाची गोळी निवडता आली तर सहरी-इफ्तारला बसवता येते. तीन वेळांची गोळी दोन वेळांत कोंबू नका.

पुराच्या पाण्यातून चाललो. लेप्टोची गोळी घेऊ का?

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी कातडीवरच्या जखमेतून त्याचे जंतू आत नेतं. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. सिंधुदुर्गात भातलावणी करणाऱ्यांमध्येही हा आजार दिसतो. मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात सांगते की पाण्यातून गेल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. मोठ्यांना बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळं औषध असतं. पायाला जखम असेल किंवा रोजच पाण्यात काम असेल तर डोसही बदलतो, म्हणून विचारूनच घ्या.

डॉक्सिसायक्लिन पूर्ण पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्यायचं आणि किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि पुढचे चार दिवस घास गिळवत नाही. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. उन्हात कातडी लवकर भाजते, टोपी-छत्री ठेवा.

लघवीची कल्चर आज दिली, रिपोर्टच्या आधी गोळी सुरू करायला सांगितली. बरोबर आहे का?

बरोबर. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहणं. नमुना आधी द्यायचा, गोळी नंतर सुरू करायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात प्रत्येक औषधासमोर "एस" किंवा "आर" असं अक्षर येतं. "एस" म्हणजे जंतूवर औषध चालतं, "आर" म्हणजे चालत नाही. तुमच्या गोळीसमोर "आर" असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रिपोर्ट फाइलला लावून विसरणारे फार आहेत.

तुम्ही स्ट्रिप कापून देता, मग एक्स्पायरी कशी कळणार?

रास्त तक्रार आहे. बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. कापतानाच "तारखेचा तुकडा मला द्या" असंही म्हणू शकता. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

डॉक्टरांनी औषध बदललं, सहा गोळ्या उरल्या. टाकू कुठे?

पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, आणि मोरीत किंवा संडासातही टाकू नका. गटारातल्या जंतूंना थोडं थोडं औषध मिळत राहिलं की ते त्याला सरावतात. कालबाह्य औषधं घनकचऱ्याच्या नियमांत ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळी धरली आहेत. गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधून, वर "औषधे" असं लिहून घंटागाडीवाल्यांकडे द्या. गावात घंटागाडी येत नसेल तर आमच्याकडे आणून द्या. सिरपची बाटली टाकताना त्यावरचं नावाचं लेबल फाडा आणि झाकण घट्ट लावा, कचरा वेचणाऱ्यांच्या लेकरांच्या हाती ती लागते.